आधीचं ऑपरेशन

डॉक्टरांनी प्रश्न आईला विचारला होता. उत्तर मी दिलं.

"आधी काही ऑपरेशन झालंय का, आजी?"

उस्मानपुऱ्यातल्या त्या दवाखान्यात आई स्टुलावर बसली होती, शेजारच्या खुर्चीत मी, आणि दाराला टेकून माझा धाकटा भाऊ आदिनाथ उभा होता. आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला लगेच कळला.

"अपेंडिक्सचं झालंय," मी म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी. दुर्बिणीतून."

"बाकी काही? गर्भपिशवीचं वगैरे?"

आदिनाथ भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघायला लागला.

"नाही," मी म्हणाले.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. 'दुर्बिणीतून' हा शब्द मी विचार करून घातला होता. पोटावर मोठा व्रण का नाही, असं मग कुणी विचारणार नव्हतं. मी बावीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवते आहे. इतकं वाचन झाल्यावर माणसाला निदान एवढं येतं की खोटं सांगायचं तर त्यातला तपशील आधी जुळवून ठेवावा.

जिना उतरताना आईनं माझा हात दाबला. ती खूश होती. नंतर मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

खरी गोष्ट अशी होती की आईचं अंग बाहेर यायचं. आमच्याकडच्या बायका याला असंच म्हणतात. गर्भाशय खाली सरकतं आणि उठता-बसता, ओझं उचलताना बाहेर येतं. आम्ही मेंढपाळ. आईची चार बाळंतपणं रानात, मेंढरांच्या मागं झाली, आणि चौथ्या दिवशी ती बिऱ्हाड घोड्यावर लादून पुन्हा चालायला लागलेली असायची. वीस वर्षं तिनं लुगड्याची चिंधी घट्ट बांधून काढली. मला सांगितलं तेही एकदाच, माझ्या घरी, मी तिची पाठ चोळत असताना, तोंड नळाकडे करून.

मी तिला शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथं खालूनच ऑपरेशन झालं. गर्भपिशवी काढली आणि बाकीचा भाग न विरघळणाऱ्या टाक्यांनी वर ओढून शिवला. वडील, आमचे अण्णा, तेव्हा मेंढरं घेऊन कन्नडचा घाट उतरून खानदेशात गेले होते. आदिनाथ वाळूजला कंपनीत शिफ्टवर होता. आईची अट एकच होती.

"तुझ्या बापाला सांगायचं नाय. आन आदिनाथला तर मुळीच नाय. लेकाच्या कानावर असलं घालू नये."

अपेंडिक्सची सबब मी शोधून काढली. आई दीड महिना माझ्याकडे राहिली आणि गावी गेली. दोन वर्षं तिला काही त्रास नव्हता. त्याच काळात वडील घाटात वारले, मेंढरं विकली, आणि देवगाव रंगारीच्या घरात आई आणि आदिनाथची बायको दिपाली, अशा दोघीच राहू लागल्या. आदिनाथ सुट्टीला यायचा.

मग जळजळ सुरू झाली. दर अर्ध्या तासाला उठायचं, थेंब-थेंब व्हायचं, कधी त्यात रक्त दिसायचं. गावातल्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली, गुलाबी औषधाच्या बाटल्या झाल्या, आणि शेवटी आदिनाथ तिला माझ्याकडे घेऊन आला. तो दिवस मी वर सांगितला.

त्या डॉक्टरांनी हयगय केली असं मी म्हणणार नाही. लघवी तपासली, सोनोग्राफीला पाठवलं. आईला लघवी धरवत नव्हती, त्यामुळे मूत्राशय रिकामंच होतं, आतलं नीट दिसलं नाही. रिपोर्टमध्ये एवढंच आलं की भिंत जाड झाली आहे, जंतुसंसर्ग वाटतो. गोळ्या झाल्या. दहा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या. असे चौदा महिने गेले.

त्या चौदा महिन्यांत मी डॉक्टरांना खरं का सांगितलं नाही? आदिनाथ काही दर वेळी बरोबर नसायचा. दवाखाना माझ्या कॉलेजच्या वाटेवरच होता. सुरुवातीला मी स्वतःला समजावलं की पिशवी काढून टाकली, ते प्रकरण संपलं, हा लघवीचा आजार वेगळा. पण जूनमध्ये परीक्षेच्या सुपरव्हिजनला बसले असताना मी मोबाइलवर वाचलं. अशा ऑपरेशनातला एखादा टाका कधीकधी मूत्राशयाच्या आत शिरतो आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर क्षार साचत जाऊन खडा होतो. मी ते दोनदा वाचलं. हे क्वचितच घडतं, असंही तिथं लिहिलं होतं. तेवढं वाक्य धरून मी मोबाइल पर्समध्ये टाकला. सांगायचं म्हणजे आधी खोटं बोलले होते, हेही सांगावं लागणार होतं. त्या डॉक्टरांची मुलगी माझ्या वर्गात होती.

दिवाळीनंतरची एक गोष्ट आहे. आई तपासणीसाठी आली होती, आणि त्याच संध्याकाळी माझ्या दोन सहकारी प्राध्यापिका चहाला येणार होत्या. घरात वास होता. आईला तो येत नव्हता, की येत असूनही ती बोलत नव्हती, मला माहीत नाही. मी सोफ्याच्या कडेला प्लास्टिक घातलं आणि वर जुनी चादर चौपदरी करून टाकली. आईनं त्या चादरीकडे पाहिलं आणि बाल्कनीच्या दारापाशी फरशीवर जाऊन बसली.

"तिला खालीच बरं वाटतं," मी त्या दोघींना सांगितलं. "रानातली सवय."

"व्हय," आई म्हणाली. "गार वाटतं इथं."

त्यानंतर ती माझ्याकडे मुक्कामाला आली नाही. सकाळच्या एसटीनं यायची, दवाखाना करून दुपारच्या गाडीनं परत जायची. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं होतं.

फेब्रुवारीत तिला थंडी वाजून ताप भरला. दिपालीनं शेजारच्यांची गाडी करून तिला शहरात आणलं. यावेळी मोठ्या मशीनमध्ये घातलं तेव्हा खडा दिसला, लिंबाएवढा. ताप थोडा उतरल्यावर त्याच डॉक्टरांनी खडा काढला आणि मला एकटीला आत बोलावलं. स्टीलच्या पसरट भांड्यात पिवळसर, खरखरीत तुकडे होते. चिमट्यानं त्यांनी एक तुकडा उलटा केला. त्यातून निळ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं, गाठीसकट.

"हा टाका आहे," ते म्हणाले. "खडा याच्याभोवती वाढलाय. मॅडम, गर्भपिशवीचं ऑपरेशन कधी झालं होतं?"

मी साल सांगितलं.

त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "मागच्या वर्षी कळलं असतं, तर आत दुर्बीण घालून बघितलं असतं. तेव्हा टाका कापून काढणं अवघड नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "मीही आत बघायला हवं होतं." ते भलेपणानं म्हणाले. मला त्याचा आधार घेता आला नाही.

जंतू रक्तात गेले होते, दोन्ही मूत्रपिंडं खराब झाली होती. पाचव्या दिवशी आई गेली. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी आदिनाथला एवढंच सांगितलं होतं, "मूत्राशयात खडा होता."

बाराव्या दिवशी दुपारी आम्ही गावच्या घरात होतो. दुसऱ्या दिवशी तेरावं. माझी आत्या, साळूबाई, सुपात हरभऱ्याची डाळ निवडत होती. दिपाली मोरीपाशी मोठी पातेली घासत होती. आदिनाथ उंबऱ्यात बसून मांडववाल्याशी फोनवर बोलत होता. मी भिंतीला टेकून बसले होते. मला कुणी काम सांगत नव्हतं. मी दमले आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"उद्याचा नैवेद्य गीता करंल," आत्या म्हणाली. गीता म्हणजे मी.

"दिपाली करतेय की," मी म्हणाले.

"तिच्या हातचा नको." आत्यानं आवाज जरा चढवला, मोरीपर्यंत जाईल इतका. "तू शिकलेली हायेस, तूच सांग. खडा कशानं व्हतो?"

मी मोरीकडे पाहिलं.

"पाणी कमी पेल्यानं व्हतो. ल्हान पोराला बी ठावं हाय. गोधडी धुवाय लागती म्हून हिनं माझ्या भावजयीचं पाणी तोडलं. आन बाज कुठं टाकली, तर मेंढरांच्या वाड्यात. मेंढरं इकली, सासू बांधली."

"आत्या," आदिनाथ फोन बंद करत म्हणाला.

"का? खोटं हाय? मागल्या पंचमीला मी आले तवा भावजय, बानाबाई, तिथंच पडली व्हती. म्या म्हणलं, का गं इथं? तर म्हणती, मोकळं वाटतं. सुनंच्या भ्यानं बोलत व्हती बिचारी. आन ह्या बाईसाहेब नाकाला पदर लावून फिरत्यात, कंपनीवाल्याची राणी."

पातेलं घासायचा आवाज थांबला नाही.

"जिनं पाणी तोडलं तिच्या हातचा घास मेलेल्या माणसाला पोचत नसतो," आत्या म्हणाली. "हे काय माझ्या मनचं नाय. आपल्यात चालत आलंय."

आदिनाथनं मोरीकडे तोंड केलं. "दिपाली, पाणी देत नव्हतीस का तू?"

"देत व्हते."

"मग?"

"त्या पीत नव्हत्या."

"घ्या," आत्या म्हणाली. "आता मेलेल्यावर ढकला. ती काय उठून सांगाय येतीय."

आदिनाथ दिपालीकडे बघत राहिला. तिनं मान वर केली नाही. मग तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे सुजलेले होते, दाढी वाढली होती. "आक्का, तूच कर मग. एवढं केलंस तिचं तू. डॉक्टर काय, औषधं काय. तुझ्याच हातचं पोचंल."

मी उठले असते आणि पुरण घातलं असतं, तर ते चालून गेलं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं. दिपालीही बोलणार नव्हती, हे मला दिसत होतं.

"खडा पाण्यानं झाला नाही," मी म्हणाले.

"मंग?" आत्यानं विचारलं.

"मायचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंच नव्हतं. तिचं अंग बाहेर यायचं. आदिनाथ लहान होता तेव्हापासून. मी तिला दवाखान्यात नेऊन गर्भपिशवी काढून आणली. त्यातला एक टाका मूत्राशयात शिरला, त्याच्यावर खडा वाढला. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आदिनाथ, तुझ्यासमोर. मी नाही म्हणाले. मी सांगितलं असतं तर त्यांनी तेव्हाच आत बघितलं असतं."

आत्याच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"तेव्हा तुला ठाऊक नव्हतं, टाक्याचं," आदिनाथ म्हणाला. तो मला वाट काढून देत होता.

"तेव्हा नव्हतं. जूनमध्ये कळलं. तरी सांगितलं नाही."

"का?"

"लाज वाटली."

"कशाची?"

 पहिल्या दिवशी लाज त्याची वाटली होती. तो दारात उभा होता म्हणून. नंतर ती माझी स्वतःची झाली होती.

"आणि पाणी ती आपणच पीत नव्हती," मी आत्याला म्हणाले. "प्यायलं की होत होतं म्हणून."

तेव्हा दिपाली उठली. हाताची राख धुतली, पदराला हात पुसले आणि आत येऊन चुलीपाशी बसली.

"वाड्यात बाज त्यांनीच टाकाय लावली," ती म्हणाली. "संडास तिकडं जवळ हाय. आन हे सुट्टीला आल्यावर ह्यांच्या नजरंला काय पडू नये म्हून."

"तुला ठावं व्हतं?" आदिनाथनं विचारलं. "सगळं?"

"चिंध्या कोण धूत व्हतं? मला नाय कळणार तर कुणाला कळंल?"

"मंग बोलली का नाहीस?"

"आईंनी शपथ घातली व्हती." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मी त्यांना लई डाव म्हणले, आई, डॉक्टरला सांगा ते पिशवीचं. तर म्हणायच्या, गीता बसलीय ना तिथं. तिला सगळं ठावं हाय, ती वाचती. सांगण्यासारखं असंल तर ती सांगंल."

 मी चुलीकडे बघत राहिले. म्हणजे आईनं तोंड बंद ठेवलं होतं, पण गोष्ट माझ्यावर सोपवली होती. मी सांगितलं असतं तर ती रागावली नसती. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तिनं असा घेतला होता, की सांगायची गरज नाही. लेक शिकलेली आहे.

आदिनाथ उंबऱ्यातून उठला, बाहेर गेला आणि दोन पावलांवरून परत आला.

"मी बारा वर्षांचा व्हतो," तो म्हणाला, "तवापासनं व्यालेल्या मेंढ्यांची अंगं आत सारलीत. कोमट पाण्यानं धुऊन, ह्या हातांनी. टाके बी घातलेत. अण्णा मागचे पाय धरायचे, आन माय म्होरं बसून मेंढीचं तोंड मांडीवर घ्यायची. तिच्याशी बोलायची. झालं, झालं गं बाई, म्हणायची." त्यानं हात खाली घेतले. "आन माझ्यापासनं झाकलं व्हय? मला ऐकवंना झालं असतं म्हून?"

"तिनंच सांगितलं होतं," मी म्हणाले. तोंडातून निघून गेल्यावर कळलं की मीही आत्ता मेलेल्यावरच ढकललं.

तो निघून गेला. आत्या बराच वेळ डाळीत बोटं फिरवत राहिली. तिला एकही खडा सापडत नव्हता. मग तिनं सूप दिपालीकडे सरकवलं.

"कटाची आमटी पातळच कर," ती म्हणाली. "घट्ट आवडत नव्हती तिला."

"ठावं हाय," दिपाली म्हणाली.

मी डाळ धुवायला पुढं झाले. "असू द्या, आक्का," दिपाली म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा." तिनं ते साधेपणानंच सांगितलं, जसं पाहुण्याला सांगतात.

बाहेर कडुलिंबाखाली सतरंजी अंथरलेली होती. आदिनाथ एका टोकाला बसला होता. मी दुसऱ्या टोकाला बसले. तेवढ्यात रामकिसन काका आले, वडिलांचे जुने सोबती, खानदेशाच्या वाटेवर दोघं बरोबर असायचे. मयताला त्यांना पोचता आलं नव्हतं. ते टेकले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं, आणि रीतीप्रमाणं विचारलं, "कसं काय झालं मग?"

मी मान खाली घातली. याचं उत्तर बारा दिवस मीच गोल करून सांगत आले होते.

"लघवीच्या पिशवीत खडा झालता," आदिनाथ म्हणाला. त्याचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. "मायचं अंग बाहेर यायचं, त्याचं ऑपरेशन झालतं आधी. त्याचा टाका आत गेला, त्याच्यावर खडा झाला."

"आरं आरं," रामकिसन काका म्हणाले. त्यांनी नजर चुकवली नाही, खाकरलेही नाहीत. "आमच्या थोरलीला बी व्हतं ते. लई वंगाळ दुखणं. मग आधी समजलं नाय व्हय डॉक्टरला?"

 आदिनाथ माझ्याकडे बघत नव्हता आणि माझ्यासाठी उत्तरही देत नव्हता.

"डॉक्टरांनी विचारलं होतं, काका," मी म्हणाले. "मी लपवलं. मला ठाऊक होतं तरी लपवलं. म्हणून ती गेली."

काकांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. डोक्यावर हात ठेवावा तसा हात त्यांनी हवेत धरला. "असं म्हणू नये पोरी. लेकीच्या जातीला वाटतंच तसं. बाप गेला तवा तुझा भाऊ बी असाच बोलत व्हता, मी घाटात गेलो असतो तर वाचला असता म्हून. मरण काय कुणाच्या हातात असतं?"

 ते समजूत घालत राहिले. मी किती धावपळ केली ते सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणाले. अशी लेक असायला नशीब लागतं, म्हणाले. मी ते सगळं ऐकत बसले होते. थांबवायची ताकद माझ्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर क्षणभर ते गोड लागत होतं.

दिपाली चहा घेऊन आली. पहिला कप तिनं काकांना दिला, दुसरा आदिनाथला, तिसरा माझ्यापुढं सतरंजीवर ठेवला. मग तिनं पदर सारखा केला आणि काकांकडे बघून म्हणाली,

"आक्का खरं सांगत्यात, काका. ऐकून घ्या त्यांचं."